माश्यांच्या दारातली सकाळ

गेल्या महिन्यात गावी गेले तर बानूचाचीच्या घराला कुलूप होतं. कवाडाची एक फळी निखळलेली, तिच्यातून अंगण दिसत होतं. लिंबाखाली मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचे लोखंडी घोडे अजून उभे होते, गंजून काळे पडलेले. लिंब मोहरला होता. त्या कडवट गोड वासात वर कुठंतरी माश्यांचा आवाज चालू होता, एकसारखा, कुणी दार लावून आत जातं ओढावं तसा. मी साठीला आलेली बाई. पण त्या आवाजानं मी कवाडाचा आधार घेतला, आणि सोबतची पुतणी म्हणाली, "आत्या, बसता का जरा?"

बसले. पायरी तापलेली होती.

लातूरजवळच्या मुरुडपासून चार कोसांवर आमचं गाव. आमचं घर लिंगायतांचं. अप्पांचं किराणा दुकान होतं आणि नदीच्या वरच्या अंगाला थोडं शेत. आमच्या घराला लागून बानूचाचीचं अंगण. तिचे मालक शिंपी होते. मरायच्या आधी दोन वर्षं त्यांनी कुठल्याशा योजनेतून मधमाश्यांच्या पाच पेट्या आणल्या होत्या. ते गेले, शिलाई मशीन भावकीनं नेलं, पेट्या मात्र कुणी नेल्या नाहीत. चावणारी इस्टेट कोण नेणार, असं चाचीच हसून सांगायची.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले त्या वर्षी चाचीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस दिसायचं, माशी दिसायची नाही. म्हणून मी तिचे डोळे झाले. रोज सकाळची झाडलोट झाली की ती पाटावर बसायची आणि मी पेटीच्या बाजूला, माश्यांच्या वाटेतून सरकून. प्रत्येक पेटीला खाली बोटभर उंचीचं दार आणि दारापुढं फळीचा उंबरा. पेटी उघडायची नाही, असा चाचीचा नियम होता.

"घराचं समदं दारात कळतंय, बेटी. बोल, काय दिसून राह्यलं?"

मग मी सांगायची. पायांना परागाच्या पिवळ्या गोळ्या लावून येतायत. चाची म्हणायची, करडई फुलली. गोळ्या केशरी झाल्या की सूर्यफूल. पांढरट दिसल्या की तीळ. मी शेताकडे न जाता सगळी शिवारं तिथं बसून बघत होते. दुपारी कोवळ्या माश्या दारापुढं तोंड घराकडं करून खालीवर तरंगायच्या. मला वाटलं, पळून चालल्या. चाची म्हणाली, "पोरी हायत त्या. घर कसं दिसतं ते पाठ करून राह्यल्या." उन्हाळ्यात रांगेनं उभ्या राहून पंख हलवायच्या, हात जवळ नेला तर आतल्या मधाचा ऊन वारा बोटांना लागायचा. उकाडा फारच झाला की दाराखाली दाढीसारख्या लोंबायच्या. कधी दुसऱ्या पोळ्याच्या चोर माश्या यायच्या, मग उंबऱ्यावर झटापट. सुरुवातीला मी घाबरून ओरडायची. चाची शांतपणे विचारायची, "चमकत्यात का केसाळ हायत? बाहेर ओढत्यात का आत शिरत्यात?" मी सांगितलेल्या दोनतीन गोष्टींवरून तिला सगळं कळायचं. तिच्या अंगाला मेणाचा आणि धुराच्या चिंधीचा वास यायचा. आमच्या घरातून अप्पांच्या पूजेची घंटा वाजायची, आणि ती थांबेपर्यंत चाची बोलायची नाही.

मग दुष्काळ आला.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कागदावर नवीन नाव, तोंडात जुनंच उस्मानाबाद. तहसीलच्या पाट्या रंगवून झाल्या, पण पाण्याचं काही झालं नाही. करडई गुडघ्यापर्यंतसुद्धा आली नाही. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या. दर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. त्याच्या टाकीवर जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं लिहिलेलं होतं आणि खालची अक्षरं तरी दिसायचीच. टँकर हाकायचा तो नांदेडकडचा सरदारजी. मधल्या दोन दिवसांसाठी नदीच्या वाळूत खणलेला एक झिरा होता, पुरुषभर खोल खड्डा. त्यात पाणी पाझरायचं, वाटीवाटीनं. एक घागर भरायला अर्धा तास. नंबर पहाटेपासून लागायचे. तापलेल्या वाळूचा, घामाचा आणि ओल्या गाळाचा तो वास अजून माझ्या नाकात आहे.

त्या वर्षी माझ्या दादाची बायको, आमची वहिनी, सहा महिन्यांची गरोदर होती. किडकिडीत अंगाची, उदगीरकडची. तहान लागली तरी मागायची नाही. मीच तिच्या उशाशी तांब्या भरून ठेवायची.

तो सोमवार होता. पहाटे झिऱ्यावर गेले तर काठावर दोरी बांधलेला एक पत्र्याचा डबा ठेवलेला. वरचं तोंड कापून, धार ठोकून बसवलेली. आता खाली उतरून वाटीनं खरवडायला नको, वरूनच डबा सोडला की झालं. माझ्या पुढं गंगूबाई होती, गावच्या खालच्या आळीची, तोंडानं फटकळ. ती डबा वर ओढत म्हणाली, "कुणी ठिवला गं हा? लई पुण्य लागंल त्याला."

मी मनातून फुगले. दोरी आमच्या म्हशीच्या दाव्याची होती. आईनं तिच्या टोकाला निळी चिंधी गुंडाळली होती, ती तशीच होती. दादानं कुणाला न सांगता हे केलं, याचा मला अभिमान वाटला. पाणी जरा पांढरट होतं. त्या दिवसांत पांढरट, तांबूस, काळपट, सगळंच पाणी पाणी होतं. घागर घेऊन मी घरी आले. वहिनीचा तांब्या भरला. आईचा सोमवार, पूजेआधी ती पाणी घ्यायची नाही. अप्पा आदल्या दिवशीचं पाणी पिऊन दुकानात गेले होते, दादा शेतात. मी ते उरलेलंच प्यायले, कारण ताजं वहिनीला.

ऊन पायरीवर आलं तेव्हा चाचीनं भिंतीवरून हाक मारली. "बेटी, जल्दी ये. आवाज बराबर न्हाई."

आवाज मलाही कळला. रोजचा घुमारा नव्हता. तुटक तुटक, चिरका, जणू कुणी दोरा ओढून तोडतंय. मी पेटीजवळ गेले आणि तिथंच उभी राहिले.

"काय दिसतं?"

"चाची, उंबऱ्यावर लई माश्या हायत. चालता येईना त्यांना. गोल फिरतायत. पाठीवर पडून फिरतायत."

"भांडतायत?"

"न्हाई. थरथर कापतायत. आतल्या माश्या त्यांना आत येऊ देईनात. धरून बाहेर टाकतायत."

चाचीनं जमिनीवर हात फिरवला. तिच्या बोटांना मेलेल्या माश्या लागल्या. मूठभर. तिनं एक माझ्यापुढं धरली. "नीट बघ. तोंड कसं हाय?"

मी वाकून पाहिलं. "जीभ बाहेर आलीय. सगळ्यांचीच. लांब, सोंडेसारखी."

चाचीचा चेहरा मी तोवर कधी घाबरलेला पाहिला नव्हता. तिच्या सुरकुत्या हलल्याच नाहीत, पण रंग गेला. "उन्हानं मरत्यात तवा जीभ अशी येत न्हाई," ती हळू म्हणाली. "ह्यांनी जहर पिलंय. फूल तर कुठंच न्हाई. मंग पाणी. पाणी कुठलं पित्यात ह्या?"

गावात ओल दोनच ठिकाणी होती. शाळेपाशी टँकरची टाकी गळायची तिथं, आणि नदीत झिऱ्याच्या काठाला.

तिनं घरातून चिमूटभर हळद आणली, माझ्या तळहातावर ठेवली. "झिऱ्यावर जा. काठाला माश्या बसल्या असत्याल. हळूच त्यांच्यावर टाक. कुणाला काई बोलू नको. पक्कं कळंस्तोवर बोलून चालत न्हाई. आणि पळत ये."

मी गेले. बायका ओळीत बसल्या होत्या, झिरा भरायची वाट बघत. पहिल्या दोन घागरींनीच तो आटला होता. ओल्या वाळूवर माश्या बसलेल्या होत्या, दहाबारा. पोटं खालीवर करत पाणी ओढत होत्या. मी वाकून हळद फुंकली. कुणीतरी हसलं, "काय गं, माशीला हळद लावून राहिली? लगीन लावती का?" माश्या उडाल्या. मी अनवाणी त्यांच्यामागं पळाले. वाळू भाजत होती. मनात एवढंच म्हणत होते, पिवळी माशी दिसू नये. शाळेकडून येऊ दे, रस्त्यावरून येऊ दे, हळदीची माशी येऊ नये.

उंबऱ्यापुढं बसले. चाचीचा हात माझ्या खांद्यावर. किती वेळ गेला सांगता येत नाही. अप्पांच्या दुकानातला तराजू वाजला, कुणाचं तरी गाढव ओरडलं. मग एक माशी आली. फळीवर उतरली, उतरली कसली, आदळली. पाठ पिवळीजर्द. दोन पावलं चालली. मग मागचे पाय कापायला लागले.

"चाची," मी म्हणाले.

"पिवळी?"

"हाव."

त्याच क्षणी मला तांब्या दिसला. वहिनीच्या उशाशी, मी भरलेला.

चाची म्हणत होती, "सकाळी तू पाणी आणलं का गं?" पण मी भिंतीवरून उडी मारली होती.

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुसायचं तिला भान नव्हतं. अंग घामानं भिजलेलं, पापण्या फडफडत होत्या. तांब्या रिकामा होता. "वन्सं," ती म्हणाली, "डोळ्यांपुढं कसंतरीच होऊन राहिलं." तिचा एक हात पोटावर होता. आई पूजेतून ओली भस्माची बोटं घेऊन धावत आली. मी ओरडत होते, पाणी टाका, घागर उपडी करा, आणि कुणाला काही कळत नव्हतं, कारण मी नीट बोलतच नव्हते.

नदीवर काय झालं ते मला नंतर बायकांनी सांगितलं. माश्या पुन्हा तिकडं जाऊ नयेत म्हणून चाचीनं आधी पाचही पेट्यांची दारं ओल्या चिंध्यांनी बंद केली. मग काठी टेकत, चाचपडत, ती नदीत गेली आणि झिऱ्याच्या तोंडावर आडवी झोपली. बायका चिडल्या. पहाटेपासून बसलेल्या, लेकरं घरी कोरड्या तोंडानं. दुसऱ्या घागरीसाठी परत आलेली गंगूबाई सगळ्यांत मोठ्यानं ओरडली, "ऊठ म्हातारे! झिरा काय तुझा हाय का?" चाची म्हणाली, "मला मारा, पर हे पाणी नेऊ नका. ह्यात जहर हाय." तिनं डबा चाचपून उचलला, नाकाशी नेला. "हा फवाऱ्याच्या औषधाचा डबा हाय. धुतलाय, पर वास गेला न्हाई." तरी कुणी ऐकेना. एका अर्ध्या आंधळ्या बाईच्या माश्या मेल्या म्हणून गावानं तहानलेलं राहायचं का, असं कुणी म्हणालं. तेवढ्यात गंगूबाईची सून धापा टाकत आली. सकाळचं पाणी पाजलेली दोन्ही शेरडं आडवी झाली होती, पाय झाडत होती. घरातल्यांनी अजून त्या घागरीला हात लावला नव्हता. गंगूबाई वाळूत मटकन बसली, असं सांगतात. मग तिनंच चाचीला हात देऊन उठवलं.

तो टँकरचा दिवस होता, आणि टँकर ऊन चढल्यावरच यायचा. वहिनीला बाजेवर घालून आम्ही रस्त्यावर आणलं तेव्हा तो शाळेपाशी येऊन थांबत होता. दादा शेतातून पळत आलेला. सरदारजीनं वहिनीकडं एकदा पाहिलं आणि केबिनचं दार उघडलं. "लातूरलाच न्यावं लागंल," तो म्हणाला. "पर भरल्या टाकीनं चढावर दम न्हाई गाडीला. वेळ लई लागंल."

टाकी पूर्ण भरलेली होती. गाव भांडी घेऊन उभं होतं. झिरा गेला होता, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. पाइप लावून हौदात पाणी उतरवायला तास गेला असता. दादानं सगळ्यांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. ते मागायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं.

गंगूबाई गर्दीतून पुढं आली. हात अजून वाळूनं भरलेले. टँकरच्या मागं जाऊन तिनं तोटीचा दांडा दोन्ही हातांनी फिरवला. पाणी रस्त्यावर कोसळलं. "चल, गाडी काढ," ती ओरडली. "जाता जाता सांडू दे."

मी केबिनमधून मागं वाकून पाहत होते. मुरुडच्या रस्त्यावर, त्या पांढऱ्या धुळीत, पाणी धो धो सांडत होतं आणि बाया घागरी, हंडे, पातेली घेऊन टँकरमागं पळत होत्या. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. पळता पळता घागर धरायची, भरली की बाजूला व्हायचं, मागची पुढं. हळूहळू त्या मागं पडल्या, आणि पाणी तसंच सांडत राहिलं.

केबिनमध्ये वहिनीचं डोकं दादाच्या मांडीवर होतं. माझ्या मांडीवर तो डबा. चाचीनं निघताना माझ्या हातात कोंबला होता, "डाक्टरला दाव." मी हो-नाही न करता दोरीकडं बघत राहिले होते. निळी चिंधी माझ्या गुडघ्यावर लोंबत होती. दादा तिच्याकडं बघत होता. मला वाटलं, मी ती मुठीत लपवावी. लपवली नाही. वहिनीचा श्वास घरघरत होता, मध्येच थांबायचा, आणि तो थांबला की आमचे दोघांचेही थांबायचे. सरदारजी ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत गाडी हाकत होता.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. डबा हुंगला, वहिनीच्या पापण्या वर केल्या. बाहुल्या जहरानं मोहरीएवढ्या झालेल्या. मी माश्यांचं सांगितलं, थरथर, जीभ, हळद. ते एकदम वळले. "जीभ बाहेर होती? सगळ्यांची?" मग सिस्टरला हाका, सुया, पुन्हा सुया. दर थोड्या वेळानं ते पापणी वर करून बघायचे आणि मान हलवायचे, नाही. मी त्या मान हलवण्याकडं बघत उभी होते. दादा बाहेर भिंतीला तोंड करून उभा. संध्याकाळी कधीतरी त्यांनी पापणी वर केली आणि मान हलवली नाही. म्हणाले, "मोठ्या होतायत बाहुल्या." वहिनीनं रात्री, मागून एस्टीनं आलेल्या आईला विचारलं, "पोटातलं हललं का हो माझं? मला समजंना." आईनं हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग ती रडायला लागली आणि आम्हाला काय समजावं तेच कळेना, म्हणून ओरडून म्हणाली, "हललं गं, हललं."

नवव्या दिवशी आम्ही परत आलो. चाचीच्या पाचातल्या दोन पेट्या जिवंत होत्या. बंद दारात माश्या गुदमरू नयेत म्हणून तिनं आपल्या वाटणीचं पाणी पेट्यांवर टाकलेल्या पोत्यांवर शिंपलं होतं. ओठ फुटले होते तिचे.

दादा तिच्या अंगणात जाऊन उभा राहिला. "चाची, डबा माझा होता. राखेनं तीनदा घासला होता मी."

"मालूम हाय," चाची म्हणाली. "ही पोरगी त्या दिवशी दोरीकडं बघून गप झाली ना, तवाच समजलं. मी कुणाला बोलली न्हाई. आता तू बोल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नदीवर गेला. मी घागर घेऊन मागं. जुना झिरा वाळूनं बुजवला होता, आणि टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या बायका नव्या झिऱ्यासाठी वाळूत ओल चाचपत होत्या. त्यांच्यापुढं उभं राहून त्यानं सांगितलं. गंगूबाईनं ऐकून घेतलं. तिची दोन शेरडं गेली होती; लेकरांचं दूध गेलं होतं. मला वाटलं, आता ती त्याला दगड मारेल. तिनं पायाशी पडलेलं खोरं उचललं आणि त्याच्याकडं टाकलं. "खण," ती म्हणाली. "वरच्या अंगाला खण. त्या झिऱ्यापासून लांब."

तो दोन दिवस खणत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी तळाला ओल आली, मग वाटीभर पाणी साठलं. स्वच्छ होतं. पण एकही बाई पुढं होईना. घागरी कडेला ठेवून सगळ्या लांब उभ्या. मीसुद्धा. ते पाणी इतकं नितळ होतं, की त्याचीच जास्त भीती वाटत होती.

दादा खाली उतरला. वाटी भरली, सगळ्यांकडं पाहिलं, आणि प्यायला. दुसरी भरली, प्यायला. मग वर येऊन वाळूत बसला. ऊन तळपत होतं, त्याच्या कपाळावर घाम येत होता आणि तो घाम उन्हाचा की कशाचा, ते कळत नव्हतं. मी त्याच्यापुढं जाऊन बसले आणि डॉक्टर बघायचे तसं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या बारीक होत्या. मोहरीएवढ्या. मग लक्षात आलं, ऊन आहे. मी पदर पसरून त्याच्या तोंडावर सावली धरली.

"दादा, डोळे उघडे ठेव."

त्यानं ठेवले. त्या सावलीत, हळूहळू, दोन्ही बाहुल्या मोठ्या होत गेल्या.

मी मागं वळून बायकांकडं होकाराची मान डोलावली. गंगूबाई पुढं आली, स्वतःची घागर बाजूला सारली आणि माझी उचलून झिऱ्याच्या काठावर ठेवली.

"तू भर आधी," ती म्हणाली. "तुझ्या घरी दोन जिवाची बाई हाय."